टेबलाखाली पाट हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की बहुतेक कार्यालयांत शिल्लक अनुदानातून टेबल-खुर्च्यांची खरेदी निघते. दरपत्रके मागवली जातात, खुर्चीची पाठ जाळीची असावी की रेक्झिनची, तिला हात असावेत की नसावेत, यावर चर्चा होते. मात्र त्या खुर्चीवर दिवसाचे आठ तास बसणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकतील का, हा प्रश्न माझ्या 32 वर्षांच्या नोकरीत कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मी एका निमशासकीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून लागले आणि तिथूनच वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. बैठ्या कामाबद्दल अलीकडे वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते, पण ते बहुधा पाठीपासून सुरू होते आणि मानेपाशी संपते. पायांचा उल्लेख झालाच तर शेवटी, जाता जाता होतो. माझ्या अनुभवाप्रमाणे बैठकीची सुरुवात तळव्यांपासून होते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आम्ही टंकलेखन शिकलो तेव्हा ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवली जात असे. क्लासच्या सरांचा दंडक असा होता की कागद यंत्रात चढवण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवायचे, टाचा उचलायच्या नाहीत, पाठ खुर्चीला लावायची आणि मगच बोटे कळफलकावर न्यायची. मराठीचा 30 आणि इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग गाठायचा तर बैठक स्थिर हवी, एवढाच त्यांचा हेतू असेल, पण त्यातून आम्हाला आयुष्यभराचा धडा मिळाला. त्यातली दुसरी एक बाब आज विस्मरणात गेली आहे. टंकलेखनाचे टेबल लिहिण्याच्या टेबलापेक्षा तीन-चार इंचांनी ठेंगणे असे. यंत्राच्या कळा टेबलाच्या पृष्ठभागापासून बऱ्याच वर असल्याने हात कोपरातून काटकोनात राहावेत यासाठी टेबलच खाली घेतलेले असे. त्यामुळे खुर्चीही कमी उंचीची चाले आणि माझ्यासारख्या ठेंगण्या मुलीचेसुद्धा पाय जमिनीला पोहोचत.

कार्यालयात संगणक आले तेव्हा यंत्रांबरोबर ती ठेंगणी टेबलेही भंगारात गेली आणि संगणक लिहिण्याच्या उंच टेबलांवर मांडले गेले. काही वर्षे टेबलाखालून बाहेर ओढायचा कीबोर्डचा सरकता ट्रे असे, त्याने थोडे भागत होते. पुढे लॅपटॉप आल्यावर तोही गेला. या बदलात पायांचे काय होणार आहे, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. मी स्वतः लेखा शाखेत बसत होते, रोज शेकडो आकडे तपासत होते, तरी माझ्याच खुर्चीचे गणित मांडायला मला कित्येक वर्षे लागली.

ते गणित साधे आहे आणि कुणालाही घरच्या टेपने मांडता येईल. माझे टेबल 75 सेंटिमीटर उंच होते. माझी उंची 4 फूट 11 इंच, म्हणजे 150 सेंटिमीटर. बसल्यावर माझे कोपर बैठकीपासून 21 सेंटिमीटर वर येते. हात टेबलाच्या पातळीत ठेवायचे तर बैठक 54 सेंटिमीटरवर हवी, आणि खुर्चीचा खटका ओढून ती जास्तीत जास्त 50 पर्यंतच चढत असे. माझ्या गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचे अंतर 37 सेंटिमीटर, त्यात चपलेचे 2 मिळवले तर 39. याचा अर्थ खांदे थोडे उचलून काम करूनही माझे पाय जमिनीपासून 11 सेंटिमीटर, सव्वाचार इंच, अधांतरी राहत होते. खुर्ची खाली घेतली तर पाय टेकत, पण कळफलक छातीशी येई आणि दुपारपर्यंत मान धरे. ही माझ्या एकटीची अडचण नव्हती. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि 75 सेंटिमीटरचे टेबल आज जवळजवळ सगळीकडे तेच आहे.

अधांतरी पाय फार वेळ लोंबकळत ठेवता येत नाहीत, म्हणून माणूस नकळत त्यांना आधार शोधतो. आमच्या शाखेत टेबलांखाली वाकून पाहिले तर तो शोध दिसत असे. एकीचे पाय खुर्चीच्या चाकांच्या पाचपायी सांगाड्यावर अडकवलेले, गुडघे पार मागे दुमडलेले. दुसरीने जुन्या नस्त्यांचा दोरीने बांधलेला गठ्ठा पायांखाली घेतलेला. तिसरीचे पाय संगणकाच्या डब्यावर, तेही अर्ध्या तासाने गरम होऊ लागले की काढून घ्यावे लागत. जिला काहीच मिळत नसे ती बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकून चवडे जमिनीला लावत असे. तेवढे केले की पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते, कमरेचा बाक मोडतो, पाठीला पोक येते आणि पडद्याकडे पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते. मग आपण पाठदुखीसाठी उशी आणतो, मानेला पट्टा लावतो आणि खुर्ची बदलून मागतो, पण या साऱ्याचे मूळ पाय न टेकण्यात होते हे कुणी सांगत नाही.

मागे सरकून बसले तरी सुटका नसते, कारण मग अधांतरी पायांचा भार मांडीच्या खालच्या बाजूवर येतो आणि बैठकीची कड गुडघ्याच्या लवणीत रुतते. पायाकडे जाणारी मोठी धमनी, परतीची नीला आणि महत्त्वाचे मज्जातंतू याच लवणीतून जातात. तिथे दाब पडला की पायांना मुंग्या येतात, पाऊल बधिर होते, आणि पाय खाली लोंबकळत राहिल्याने संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज येते. एस.टी. पकडण्यासाठी उठताना माझ्या चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर उमटलेला असे, आणि बोटाने घोट्यावर दाबले तर पडलेला खळगा काही क्षण तसाच राही. पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले की नीलांमधले रक्त वर ढकलले जाते, म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. लोंबकळणाऱ्या पायाला रेटा देण्यासाठी खाली काही नसते, त्यामुळे तो पंप जवळजवळ बंदच राहतो. एका पायावर दुसरा पाय टाकून तासन्‌तास बसण्याची सवयही याच अडचणीतून लागते. त्या बसण्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कातडीलगत असलेल्या मज्जातंतूवर दाब येतो, आणि तो फार काळ टिकला तर पाऊल वर उचलणेसुद्धा कठीण होऊ शकते.

बसण्याच्या कडेचा दाब किती गंभीर ठरू शकतो याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1940 साली लंडनवर बाँबहल्ले होत असताना लोक तळघरांत आणि निवाऱ्यांत रात्र-रात्र घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून झालेल्या मृत्यूंकडे डॉ. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी लक्ष वेधले आणि खुर्चीच्या पुढच्या लाकडी दांड्याचा पायांवर पडणारा दाब हे त्यामागचे एक कारण असल्याचे मांडले. कार्यालयातली बैठक आणि युद्धातला निवारा यांची तुलना करून मला कुणाला घाबरवायचे नाही. लवणीत रुतणारी कड ही केवळ गैरसोय नाही, एवढेच त्यावरून ध्यानात यावे. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. एकाच पायावर अचानक सूज आली, पोटरी दुखून गरम लागू लागली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

माझा उपाय माझ्या स्वयंपाकघरात होता. जेवणाच्या पंगती घरी होईनाशा झाल्यापासून भिंतीला टेकवून ठेवलेला सागवानी पाट मी एका सोमवारी पिशवीत घालून कार्यालयात नेला. तो उंचीला थोडा कमी पडला, म्हणून ओळखीच्या सुतारदादांकडून त्याच्या खालच्या दोन्ही पट्ट्या वाढवून घेतल्या, माझ्याकडची बाजू किंचित ठेंगणी आणि पलीकडची उंच ठेवली, आणि पाट फरशीवरून सरकू नये म्हणून तळाला जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकून घेतले. रुंदी दोन्ही पावले मोकळी हलवता येतील इतकी, म्हणजे साधारण दीड फूट. पहिल्याच दिवशी जाणवले ते असे की मी खुर्चीच्या पाठीला टेकून बसले होते आणि त्यासाठी मला कसलाही प्रयत्न करावा लागला नव्हता. ताठ बसायचे म्हणून ताठ बसणे दहा मिनिटे टिकते. पाय नीट टेकले की पाठ आपोआप मागे जाते. महिनाभरात आमच्या शाखेतल्या आणखी तिघींनी तसे पाट करून घेतले. सफाईसाठी येणाऱ्या मावशींना ते सकाळी उचलून ठेवावे लागत, म्हणून आम्ही निघताना ते टेबलावर उलटे ठेवून जात असू.

पाट ठेवल्यावर बसायचे कसे, हेही थोडक्यात सांगते. बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज जातील एवढी जागा असावी. गुडघे काटकोनात किंवा त्याहून थोडे उघडे असावेत आणि मांड्यांची पातळी कमरेपेक्षा वर जाऊ नये, कारण पाट गरजेपेक्षा उंच झाला तर पोट दाबले जाते आणि कंबर पुन्हा वाकते. टाच आणि चवडा दोन्ही टेकलेले हवेत. टेबलाखाली खोकी, कचऱ्याची टोपली, वायरींची गुंतवळ असेल तर पाय तिरके ठेवावे लागतात आणि कंबरही तिरकी होते, तेव्हा ती जागा आधी मोकळी करावी. मात्र उत्तमातली उत्तम बैठकसुद्धा तासन्‌तास एकच ठेवली तर त्रास देतेच. म्हणून अधूनमधून टाचा उचलाव्यात, मग चवडे उचलावेत, पाय पुढे पसरावेत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालून यावे. आमच्या जुन्या पेढ्यांवरचे मुनीम गादीवर मांडी घालून उतरत्या झाकणाच्या पेटीवर लिहीत, पण तेही मांडी बदलत, एक गुडघा उभा करत, तक्क्याला रेलत. त्या बैठकीत पाय अधांतरी राहण्याचा प्रश्नच नव्हता. खुर्ची घेतली तेव्हा पायांची सोय आपण वेगळी करायला हवी होती.

ही सोय म्हणजे चैन नव्हे, हे इतरत्र फार पूर्वीच मान्य झाले आहे. संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी युरोपीय समुदायाने 1990 मध्ये जे निर्देश काढले, त्यांत मागेल त्या कर्मचाऱ्याला पाय ठेवण्याचा आधार उपलब्ध करून द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ब्रिटनने 1992 च्या नियमांत तेच घेतले. त्यात वैद्यकीय दाखल्याची अट नाही, मागितले की द्यायचे. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद केली गेली होती. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, ही मोठीच गोष्ट झाली. साड्यांच्या दुकानात दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींकडे पाहिले की आपल्या राज्यातही असा स्पष्ट हक्क हवा, असे मला मनापासून वाटते. त्याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे बसलेल्याचे पाय टेकतील, हे पाहणे.

घरून काम करणाऱ्यांची स्थिती तर अधिक अवघड आहे. माझी सून 2020 पासून आठवड्यातले बरेच दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करते. तिथली खुर्ची वर-खाली होत नाही. ती सायंकाळी पाय भिंतीला उंच लावून पडलेली दिसायची आणि थकव्याला कामाचा ताण हेच कारण असावे, असे आम्ही समजत होतो. निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेला माझा पाट आता तिच्या टेबलाखाली आहे. तिची उंची माझ्यापेक्षा तीन इंचांनी जास्त, म्हणून वाढवलेल्या पट्ट्या पुन्हा काढल्या आणि बैठकीवर एक घट्ट उशी घातली. पायांची सूज कमी झाल्याचे तिने आपणहून सांगितले.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी खरेदी समित्यांना आणि आस्थापना शाखांना विनंती आहे की यंदाच्या मागणीपत्रात प्रत्येक दहा खुर्च्यांमागे निदान चार-पाच पाय-पाट धरावेत, त्यांची उंची कमी-जास्त करता येईल असे पाहावे, आणि ते मागण्यासाठी कुणाला अर्ज करावा लागू नये. खुर्ची पसंत करताना कार्यालयातल्या सर्वांत ठेंगण्या आणि सर्वांत उंच अशा दोन कर्मचाऱ्यांना तिच्यावर प्रत्यक्ष बसवून पाहावे. सुताराकडून करून घेतलेल्या पाटाचा खर्च एका फिरत्या खुर्चीच्या किमतीच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो, आणि तो सहज वीस वर्षे टिकतो. माझा अजून टिकून आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, सातारा