वळणावरचं पाणी आधी कागदावर दिसतं

महोदय,

पावसाळ्यात वळणावर गाडी घसरल्याची बातमी आली, की चालकाच्या वेगाची आणि ठेकेदाराच्या डांबराची चर्चा होते. मला त्या वळणाची ड्रॉइंग शीट कशी असेल, हे आधी डोळ्यांपुढे येतं. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ ब्लेडने खरवडण्यापासून संगणकावरच्या ऑटोकॅडपर्यंत, महामार्गांची ड्रॉइंग्ज काढण्यात माझी ३० वर्षं गेली.

सरळ रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. कोकणासारख्या पावसाच्या मुलखात डांबरी रस्त्याला हा उतार २.५ टक्के धरतात. वळणावर मात्र अख्खा रस्ता आतल्या अंगाला कलवावा लागतो, सपाट भागात ७ टक्क्यांपर्यंत. हा बदल होताना बाहेरची बाजू एका चेनेजला, म्हणजे रस्त्याच्या लांबीतल्या एका ठिकाणी, अगदी सपाट होते. ते टळत नाही. पण नेमका तिथेच चढ संपून उतार सुरू होत असेल, तर पाण्याला ना आडवी वाट, ना उभी. वळणाचं आणि चढ-उताराचं गणित वेगवेगळं बसून केलं, की हे निसटतं. वर प्लॅन (वरून दिसणारी वळणं) आणि खाली प्रोफाइल (चढ-उतार) अशी शीट जो लावतो, त्याला मात्र दोन्ही एकाखाली एक दिसतात.

एका कामात असं वळण मी दाखवलं होतं. ‘डिझाइन मंजूर झालंय, तुम्ही शीट पूर्ण करा,’ असं उत्तर मिळालं. मी पूर्ण केली. रस्ता झाल्यावर पहिल्या पावसात मुद्दाम जाऊन पाहिलं, तिथेच पाणी साचलं होतं. तेव्हा लेखी का दिलं नाही, ही खंत अजून जात नाही.

मी पाहिलेल्या निविदांत गुण मिळतात ते हायवे इंजिनिअर, ब्रिज इंजिनिअर यांच्या अनुभवाला. ड्राफ्ट्समन सहायक कर्मचाऱ्यांत. त्यामुळे खर्च कमी करायचा झाला, की जुना माणूस आधी जातो. आयटीआयमधून नुकती आलेली मुलं हुशार आहेत, सॉफ्टवेअर माझ्याहून भराभर चालवतात. पण शंका कुठे घ्यायची हे सांगणारं कुणी शेजारच्या टेबलावर हवं ना!

सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ड्राफ्ट्समनच्या शंकेची लेखी नोंद आणि तिला डिझायनरचं सहीनिशी उत्तर बंधनकारक करावं. शिवाय ड्रॉइंग्ज अंतिम होण्यापूर्वी ती काढणाऱ्याला एकदा तरी, शक्यतो पावसात, साइटवर न्यावं. मला अशी संधी दोनदाच मिळाली. उन्हाळ्यातल्या सर्व्हेत कोरडे दिसलेले वहाळ तेव्हा भरून वाहत होते, आणि दोन्ही वेळा परतल्यावर रस्त्याखालच्या मोरीची जागा बदलावी लागली.

– एक ड्राफ्ट्समन, रत्नागिरी