वॉटर म्हणजे नुसतं पाणी नव्हे

संपादक महोदय,

अठ्ठावीस वर्षं मराठी शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. आता संध्याकाळी आळीतली पाच-सहा मुलं ओसरीवर अभ्यासाला येतात. गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीला ‘फादर वॉटर्स द प्लांट्स’ याचा अर्थ विचारला. सगळे शब्द तिला पाठ होते. तिने वहीत लिहिलं, ‘वडील पाणी झाडे’, आणि पेन्सिल दातात धरून गप्प बसली.

दोष तिचा नाही. ‘वॉटर म्हणजे पाणी’ हे तिच्याकडून घोकून घेतलं ते आम्हीच. 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, पण शब्दापुढे एक अर्थ लिहून पाठ करायला लावायची आमची सवय सुटली नाही. इंग्रजी शब्द नाम की क्रियापद, हे बहुतेक वेळा तो वाक्यात कुठे बसलाय त्यावरून ठरतं. हँड, फेस, नेम, बुक, सगळ्यांचं तेच. कुक म्हणजे आचारी आणि कुक म्हणजे रांधणंही. त्याच वाक्यातला प्लांटसुद्धा रोप आहे आणि रोप लावणंही. आपल्याकडे पाण्याचं पाणावणं होतं, हाताचं हाताळणं, लाथेचं लाथाडणं. शब्दाचं रूपच बदलतं. मुलं इंग्रजीतही तशी खूण शोधतात आणि ती न सापडल्यामुळे अडतात.

मी तिला म्हटलं, ‘“मला गाणं गाणं आवडतं” यात गाणं दोनदा कशाला?’ ती म्हणाली, ‘बाई, पहिलं म्हणजे जे गायचं ते, दुसरं म्हणजे गायचं काम.’ मग दुखणं, देणं, खाणं असे शब्द तिनेच काढले. पुन्हा वहीकडे वळली आणि लिहिलं, ‘बाबा झाडांना पाणी घालतात.’ ‘घालतात’ तिला कुणी सांगितलं नव्हतं.

क्रियापदांच्या तीन रूपांचंही असंच. ‘गो, वेंट, गॉन’ मुलं तालात म्हणतात. ‘कट, कट, कट’ला तर वर्ग हसतो. पण ‘ही कट द रोप’ यातला काळ कोणता, हे विचारा. ते ओळखायची किल्ली एका अक्षरात आहे: वर्तमानकाळ असता तर ‘कट्स’ झालं असतं. एस नाही, म्हणजे दोर कापून झाला. हे मी फळ्यावर दाखवलं तेव्हा मागे बसलेला मुलगा उठून फळ्याजवळ आला. आणि गोचं वेंट कसं झालं म्हणून मुलं गोंधळतात, तेव्हा मी विचारते, जातोचं गेला कसं झालं? तिकडे वेंट हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचं रूप. आपलं जाणंही दोन संस्कृत धातूंवर उभं आहे, ‘या’ आणि ‘गम्’. ते आपण कधी पाठ केलं नाही, ऐकत ऐकत आलं.

म्हणून शिक्षकांना कळकळीची विनंती, शब्दार्थाच्या वहीत शब्दापुढे नुसता अर्थ नको, एक वाक्य लिहून घ्या. शब्द दोन्ही कामं करत असेल तर दोन वाक्यं. आणि आपल्या दैनिकातही मुलांसाठी इंग्रजी शब्द छापाल तेव्हा तेवढी एक ओळ जास्त द्यावी. माझ्या ओसरीवरची मुलं ती कापून वहीत चिकटवतील.

एक निवृत्त शिक्षिका, वाई