सेन्सर लावला, रीडिंग कोण बघणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला, इमारती आणि पुलांवर नजर ठेवायला बसवतात त्या सेन्सरवरचा लेख वाचला आणि डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लेख चांगला आहे, पण वाचून असं वाटतं की सेन्सर चिकटवला की काम झालं.

आमच्या इमारतीत पार्किंगच्या एका खांबाला तिरका तडा गेला म्हणून तिथे तडा मोजणारा सेन्सर, शेजारच्या खांबावर स्ट्रेन गेज (भाराने खांब किती दबतो-ताणतो ते मोजणारी पट्टी) आणि भिंतीवर रीडिंग नोंदवणारा एक डबा असं सगळं बसवलं होतं. पहिले काही महिने माणूस यायचा, लॅपटॉप लावायचा, जायचा. मग यायचाच बंद झाला. बॅटरी संपली, वायरी लोंबायला लागल्या. रीडिंग मागितली तर बसवणारे म्हणतात कमिटीला दिली, कमिटी म्हणते आम्हाला त्यातलं काही कळत नाही. अहो त्या खांबांवर आम्ही राहतो ना! आणि एक दिवस त्याच तड्याच्या खांबाचं काँक्रीट खालच्या बाजूने फुटून पडलं, आतल्या सळया गंजून सोललेल्या. सेन्सर चालू असता तरी काय सांगणार होता, तो फक्त वरच्या तड्याची रुंदी मोजत होता. आणि ती रुंदीसुद्धा पहाटे वेगळी, दुपारी वेगळी येते, म्हणून तापमानासकट निदान वर्षभराची नोंद हवी. गंजासाठी हाफ सेल टेस्ट वेगळी करावी लागते, म्हणजे काँक्रीटवर कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळईचं व्होल्टेज मोजतात; ते उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली, म्हणजे आणखी उणे, गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. हे मला नंतर दुसऱ्या इंजिनियरने सांगितलं. लेखात गंजाबद्दल एक ओळ नाही.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या नव्या पुलावर ३०० च्या वर सेन्सर आहेत हे तुम्ही कौतुकाने छापलंत. पण १ ऑगस्ट २००७ ला जुना पूल पडून १३ माणसं गेली, त्याच्या गसेट प्लेटा (सांध्यावर तुळया जोडणारे पोलादी पत्रे) वाकलेल्या २००३ च्या फोटोतच दिसत होत्या, हेही छापायचं ना. फोटो होते, पण ते बघून कुणी पूल बंद केला नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सेन्सर बसवतानाच रीडिंग कोण बघणार, किती आकड्याला धोका समजायचा आणि तो आला की राहणाऱ्यांना कोण कळवणार हे लिहून घ्या, आणि रीडिंग राहणाऱ्यांनाही मिळू द्या.

आणि लेखातली ती आकृती इतकी बारीक छापलीत की भिंग लावूनही अक्षरं लागली नाहीत. परत मोठी छापा, मला ती कमिटीच्या मीटिंगला न्यायची आहे.

आपली,
एक नियमित वाचक