अण्णांची मिशी पुसट होतेय

पुणे, रविवार

प्रिय मधू,

आठ महिने पत्र नाही, रागावला असशील. माझी शुगर आटोक्यात आहे, बाकी ठीक. आज लिहायला बसलो ते अण्णांमुळे, म्हणजे मी बोरूनं काढलेल्या त्यांच्या चित्रामुळे.

परवा रात्री व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं केलेलं पोस्टमन रुलँचं शाईचं चित्र पडद्यावर मोठं करून पाहत होतो. 1888 सालचं, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं, उंची जेमतेम 32 सेंटिमीटर. आणि मधू, एकदम अण्णाच समोर! तीच टोपी, तीच रोखून पाहणारी नजर. दाढी तेवढी जास्तीची.

बोरूच्या लेखणीनं काढलंय रे ते! फ्रान्सात आर्लच्या आसपास बोरू मिळायचा, तोच तासून घ्यायचा व्हिन्सेंट. एकाच चेहऱ्यात किती तऱ्हेच्या रेघा! शाई संपत आली की रेघ कशी खरखरीत होत जाते, आपल्याला माहीत आहे. तू म्हणायचास, बोरू अक्षरांसाठी, चेहऱ्यासाठी नव्हे. त्यावरून महिनाभर अबोला होता आपला. आता तरी हार मान!

रुलँनं चित्रासाठी बसायचे पैसे घेतले नाहीत, पण त्याचं खाणंपिणं व्हिन्सेंटला त्याहून महाग पडलं. अण्णांनी तीन प्लेट भजी संपवली होती, आठवतं? आणि व्हिन्सेंटनं कान कापून घेतला तेव्हा धावून आला तो हाच रुलँ. व्हिन्सेंटच्या भावाला, थिओला, पत्रानं खबर कळवत राहिला. अण्णांनीही हेच केलं असतं.

आता खरी गोष्ट. आपण हिरडा-हिराकस उकळून शाई केली होती ना, ती तपकिरी पडलीय. व्हिन्सेंटच्याही कितीतरी चित्रांतली काळी शाई आज तपकिरी दिसते. म्हणून संग्रहालयं अशी चित्रं बहुतेक काळ अंधारात जपतात. आणि मी? अण्णांचं चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं, चाळीस वर्षं. अण्णांची मिशी जवळजवळ गेली. फ्रेमवाला म्हणाला, नव्या शाईनं रेघा गिरवून देतो. मी चित्र उचललं आणि घरी आलो. समोर अण्णा बसलेले असताना उमटलेल्या रेघा त्या, त्यांच्यावर आता कोण हात फिरवणार?

अण्णा गेले त्या वर्षी तू हे चित्र मागितलंस आणि मी दिलं नाही. माझं सगळ्यांत चांगलं काम म्हणून धरून बसलो. तुझ्याकडे माजघरातल्या अंधारात ते जपलं गेलं असतं. झोप लागत नाही रे या विचारानं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयचं जर्मनीचं ठरलं का? सविस्तर लिही.

चित्र काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलंय. अण्णा मध्येच हसले आणि डाव्या गालावर माझा बोरू घसरला होता, ती रेघ अजून ठळक आहे. पुढच्या शनिवारी घेऊन येतो. घरी असशील ना?

तुझा,
विनू