‘एकत्रित प्रशिक्षण’ म्हणून विकलेले तीन सुटे वर्ग : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : सोलापूर शाखेतील मिक्स्ड मार्शल आर्ट्स (अनेक लढाऊ विद्या एकत्र करून लढण्याचा खेळ) वर्ग माहितीपत्रकाप्रमाणे न चालणे, सरावाची जागा धोकादायक असणे आणि उरलेली फी परत मिळणे.

महोदय,

एप्रिलमध्ये आपल्या सोलापूर शाखेत प्रवेश घेतलेल्या अकरा जणांची ही तक्रार आहे. यातले सहा जण तालमीतले, तिघे कराटेचे आणि दोघे बॉक्सिंगचे. प्रत्येकाने वर्षाचे २४,००० रुपये एकरकमी भरले आहेत. माहितीपत्रकात ‘स्ट्रायकिंग, कुस्ती आणि जिउ-जित्सूचे एकत्रित प्रशिक्षण’ असे छापले आहे. स्ट्रायकिंग म्हणजे ठोसे-लाथा आणि जिउ-जित्सू म्हणजे जमिनीवर पकडी लावून, गळा आवळून लढण्याची विद्या. प्रत्यक्षात सोमवारी-गुरुवारी मुय थाई (ठोसे, लाथा, कोपर आणि गुडघे वापरणारी थायलंडची विद्या), मंगळवारी-शुक्रवारी जिउ-जित्सू आणि बुधवारी-शनिवारी बॉक्सिंग होते. तिघे प्रशिक्षक वेगळे आहेत आणि काल दुसऱ्याने काय घेतले, हे एकालाही ठाऊक नसते. कुस्तीचा तर वर्गच नाही.

प्रशिक्षक आपापल्या विषयात चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तीन विद्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून त्या एक होत नाहीत. मुय थाईत ताठ उभे राहून पुढचा पाय हलका ठेवतात, म्हणजे किक अडवायला तो पटकन उचलता येतो. कुस्तीत वाकून पुढच्या पायावर भार देतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकत्र लढताना मात्र ताठ उभ्या राहिलेल्याचा पट (पाय धरून पाडण्याचा डाव) सहज निघतो, तर वाकलेल्याच्या मांडीवर लो किक बसते आणि त्याचे डोके समोरच्याच्या गुडघ्यासमोर येते. बॉक्सर ठोसा चुकवायला कमरेतून खाली झुकतो, तेव्हा तोही तिथेच सापडतो. कराटेवाला अंग तिरके करून उभा राहतो, त्यामुळे त्याची पुढची पोटरी किकला उघडी पडते आणि एकेरी पटाला (एकच पाय धरण्याला) पाय आयता मिळतो. या सगळ्यांतून मधली ठेवण कशी काढायची, ठोशाच्या आडून पट कधी काढायचा, पट फसला तर हात पुन्हा हनुवटीपाशी कसे आणायचे, हाच एकत्रित प्रशिक्षणाचा गाभा. तीन महिन्यांत त्यावर एकही तास झालेला नाही.

सर्वांत जास्त हाल तालमीतल्या मुलांचे झाले. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती गेली. त्यामुळे वरून दाब आला की पैलवान विचार न करता पोटावर वळतो. वर्षानुवर्षे माती अंगाला लावून ही सवय हाडात मुरलेली असते. जिउ-जित्सूत नेमके हेच महागात पडते. वरचा माणूस पाठीवर बसतो, टाचा मांड्यांत अडकवतो, हनुवटीखालून हात घालतो आणि गळा आवळतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. इथे पाठ टेकलेली चालते, पाठ दिलेली चालत नाही. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. त्यानंतर कुशीवर राहून कोपर गुडघ्याला भिडवायचे, कंबर बाहेर सरकवायची आणि पाय मध्ये घालायचा, एवढाच सराव तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत निदान महिनाभर द्यायला हवा.

पटाचेही तसेच. तालमीत गळा आवळायला बंदी असल्याने पट काढताना मान वाकलेली राहिली तरी खपते. इथे तीच मान समोरच्याच्या काखेत सापडते. एकेरी पटात डोके आतल्या बाजूने छातीला घट्ट लावायचे आणि नजर वर ठेवायची. दुहेरी पटात डोके बाहेरून बरगड्यांना चिकटवून, पाठ सरळ ठेवून रेटायचे. खडाखडीतली हातांची पकड मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते आणि क्लिंचमध्ये (उभ्याने एकमेकांना धरून लढताना) ती या मुलांची मोठी ताकद ठरली असती. ती कुणी विचारलीदेखील नाही. त्यांना थेट जुन्या विद्यार्थ्यांसमोर उतरवले, तेही टॅप (हार मानल्याची खूण) कसा करायचा हे न शिकवता. समोरच्याच्या अंगावर स्पष्ट जाणवेल असे दोन-तीनदा थापटायचे आणि हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचे. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

शनिवारच्या स्पारिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) एकाच्या हातात १६ औंसचे ग्लव्हज, तर दुसऱ्याच्या हातात ४ औंसचे असतात. ४ औंसचे ग्लव्हज लढतीसाठी असतात. पकडीसाठी बोटे मोकळी राहावीत म्हणून त्यांत भराव कमी असतो. ठोशांच्या सरावाला १६ औंसचे आणि पकडीसह सरावाला साधारण ७ औंसचे, दोघांनाही सारखेच द्यावेत. हेडगार्डने कापाकापी वाचते, पण मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. डोक्याला मार लागून गरगरणाऱ्याला त्याच दिवशी पुन्हा उभे करणे तातडीने बंद झाले पाहिजे.

मॅट २५ मिलिमीटरच्या, दातांनी जोडायच्या आहेत. कराटेला त्या पुरतात, पण उचलून आपटण्याच्या सरावाला किमान ४० मिलिमीटर लागतात. मधल्या खांबाजवळ तळहाताने दाबले की खालची फरशी हाताला लागते. तिथलेच दात झिजून बोटभर फट पडली आहे. पाय फिरवताना अंगठा त्या फटीत अडकतो, अंग वळते आणि गुडघा जागीच राहतो. गुडघ्याचे स्नायुबंध असेच तुटतात. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना मॅट दिवसाकाठी एकदाच पुसतात. चार जणांना गजकर्ण झाले. प्रत्येक बॅचनंतर आधी साबणाच्या पाण्याने घाम काढावा, मग जंतुनाशक मारून दहा मिनिटे ओले ठेवावे आणि वाळू द्यावे. घामावरच जंतुनाशक फिरवले तर त्याचा असर कमी होतो. पाण्याची ओढ असते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पण या कामाला दोन बादल्या पुरतात.

शाखेत तोंडी सांगितल्यावर ‘फी कोणत्याही कारणाने परत मिळत नाही’ या अटीवर बोट ठेवण्यात आले. सेवेत त्रुटी असेल तिथे ही अट ढाल होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष सेवा थांबवून पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि पावतीवर मुदत नसल्यास ३० दिवसांची मुदत धरली जाते. आमच्या पावतीवर मुदत नाही. आपले मुख्य कार्यालय कुठेही असले, तरी याच कायद्याने तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते.

ज्यांना सोडायचे आहे अशा सात जणांना उरलेल्या नऊ महिन्यांचे प्रत्येकी १८,००० रुपये ३० दिवसांत परत करावेत. उरलेले चौघे थांबायला तयार आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन तास तिन्ही प्रशिक्षकांनी एकत्र बसून ठरवलेले, पूर्णपणे मिश्र सरावाचे असावेत आणि ते वेळापत्रक लेखी द्यावे. खांबाजवळच्या मॅट बदलून होईपर्यंत तिथे उचलून आपटण्याचा सराव घेऊ नये आणि खांबाला छातीपर्यंत गादी बांधावी. हे शेवटचे काम आठवडाभरात व्हावे, कारण त्याच मॅटवर संध्याकाळी पाच वाजता लहान मुलांची बॅच असते.

आपले,
सोलापूर शाखेचे अकरा सभासद

सोबत : फीच्या पावत्या व माहितीपत्रकाची प्रत, मॅटच्या फटीचे पट्टी लावून काढलेले फोटो.