पळून झाल्यावर पडली, की पळता पळता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी चौदा वर्षांची मुलगी चारशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर कोसळली. मिनिटभरात उठून बसली. ‘उपाशी पळाली असेल’ असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. हनुवटी फाटली होती, पण तळहातांवर ओरखडाही नव्हता. पडताना आपण हात पुढे करतो. तिला तेवढाही अवधी मिळाला नव्हता. तेव्हा हे लक्षातच आलं नाही.

ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. दुसऱ्यांदा पडली तेव्हा हातपाय झटकले, म्हणून फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या वेळी एका डॉक्टरांनी विचारलं, ‘पळून झाल्यावर पडली, की पळता पळता?’ आणि तिला ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढला. वेग वाढला तसे पडद्यावरचे ठोके एकाआड एक उलटसुलट पडू लागले. पट्टा ताबडतोब थांबवला.

या आजाराला थोडक्यात सीपीव्हीटी म्हणतात. श्रमात किंवा घाबरल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं, की हृदयाच्या पेशींत कॅल्शियम भलत्या वेळी सुटतं आणि ठोके बिघडतात. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी बहुधा स्वच्छच येतो. ऐन श्रमात कोसळण्यामागे इतरही आजार असतात. लाँग क्यूटी या हृदयाच्या लयीच्या आजाराच्या एका प्रकारात पोहताना असं होतं. काहींची हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतःच भलत्या जागेहून निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधून जाते. काहींच्या हृदयाची भिंत जाड असते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए 2003 मध्ये मैदानावर कोसळून दगावला, तो यामुळेच.

हे आजार दुर्मीळ आहेत, हे मान्य. शर्यत संपवून थांबल्यावर येणारी चक्कर बहुतेकदा साधीच असते. पण ऐन श्रमात शुद्ध हरपली, तर हृदयाची पूर्ण तपासणी होईपर्यंत त्या मुलाला पुन्हा पळवू नका. क्रीडाशिक्षकांना हात जोडून विनंती: मूल नेमकं कधी पडलं, हात टेकले का, हे लगेच लिहून पालकांच्या हाती द्या. डॉक्टरांना तेवढ्यावरूनही दिशा मिळते.

मुलगी आता रोज बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारं औषध घेते, शर्यती बंद आहेत. हा दोष जनुकातला, म्हणून आम्हा सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. तो माझ्याकडून आला आहे. माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी पोहताना बुडाला. पट्टीचा पोहणारा होता.

– एक आई