पोरांना 'करलं' म्हणू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या पोरांची मराठी बिघडली, कानडी मिसळून व्याकरण गेलं, अशी पत्रं आपल्या पेपरात अधूनमधून येतात. माझं शहापुरात कपड्याचं दुकान आहे, दिवसभर दोन्ही भाषा कानावर असतात, म्हणून मला जे दिसलं ते लिहितोय.

दुकानात बैलहोंगलकडचा एक पोरगा कामाला आहे, घरात पूर्ण कानडी. आला तेव्हा जेवायच्या वेळेला गिऱ्हाईक काकूंना म्हणाला, "काकू, आपण आता जेवायला जातो." काकू हसल्या, मला पण बोलवालास काय रे म्हणाल्या, पोरगा बिचारा लाजून गप्प. त्याचं काय चुकलं सांगा, कानडीत एकच 'नावु', समोरचा त्यात धरलाय का सोडलाय हे त्या शब्दात नसतंच. आपल्याकडं आम्ही वेगळं, आपण वेगळं. मी काही शिकवलं नाही, मला शिकवता आलं पण नसतं. पाच-सहा महिन्यांत तोच गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "आम्ही दोन वाजता जेवायला जातो", आणि लगेच माझ्याकडं वळून, "काका, आपण चहा सांगूया का?" एकदा विचारलं, दोन्हीत फरक काय रे? जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "तसंच म्हणत्यात की." नियम येतोय पण सांगता येत नाही, आपलं सगळ्यांचं तसंच आहे.

यावर अभ्यास झालाय. अमेरिकेत आर्थर रेबर यांनी 1967 मध्ये लोकांना अक्षरांच्या ओळी पाठ करायला दिल्या, त्यामागं नियम होते पण ते सांगितले नव्हते, नंतर नवीन ओळी दाखवल्या तर कुठली नियमात बसते हे लोक अंदाजापेक्षा बरंच बरोबर सांगत होते, कशावरून ते मात्र त्यांना नीट सांगता येईना. आणि 1996 मध्ये जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 महिन्यांच्या बाळांना 2 मिनिटं बिनअर्थाचा सलग आवाज ऐकवला, मध्ये कुठं थांबणं नाही, तरी कुठले तुकडे कायम जोडीनं येतात ते बाळांच्या कानानं धरलं. 8 महिन्यांचं बाळ!

माझी नात दोन वर्षाची असताना बरोबर 'केलं' म्हणायची. तीनची झाली आणि "आजोबा, मी करलं" सुरू झालं. सून काळजीत पडली. पण घरात, गल्लीत कोण म्हणतं 'करलं'? कोणीच नाही, म्हणजे हे ऐकून उचललेलं नाही. धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं, हा हिशोब तिनं स्वतः मांडला. तो शब्द चुकला असेल पण व्याकरण तिथंच सुरू झालं, आणि आपण नेमकं तिथंच हसतो नाहीतर दटावतो.

माझ्या भाच्याचं तर फार वाईट वाटलं. "मी सांगितलो" म्हणाला म्हणून वर्गात सगळ्यांसमोर गावठी ठरवलं, तेव्हापासून पोरगा तासाला तोंड उघडत नाही. पुस्तकी मराठीत बाप्या असो नाहीतर बाई, 'मी सांगितलं'च, हे खरं आहे आणि ते शिकवलंच पाहिजे. पण 'सांगितलो' काय हवेतून आलं नाही. कानडीत क्रियापद काम करणाऱ्याच्या मागं जातं, नानु हेळिदे म्हणजे मी सांगितलं, अवळु हेळिदळु म्हणजे तिनं सांगितलं. पिढ्यान् पिढ्या शेजारी बसून आपल्या कानानं ती चाल घेतली. सांगलीकडच्या कुपवाडचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये छापलाय, तिथं मराठी, कानडी, उर्दू शब्दांनी वेगळ्या राहिल्या पण वाक्यांची बांधणी इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवत गेलं तरी चालतं. मग शिक्षकांनी एवढंच म्हणावं, बाळा, घरात असं बोलतोस ते ठीक, पेपरात असं लिही. त्याला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आणि आईवडिलांना हात जोडून विनंती, घरात पोराशी तोडकं इंग्लिश बोलू नका, तुम्हाला जी भाषा मनापासून येते ती भरपूर बोला. जे कानावर पडणारच नाही त्यातनं पोर नियम कुठला काढणार?

नात आता चार वर्षाची आहे, 'केलं' आपोआप आलं. परवा ओट्यावर वाकून बघत म्हणाली, "आजी, मुंगी मरली." आजी म्हणाली, "व्हय गं, मेली बिचारी." दुरुस्ती अशी नाही, नुसतं उत्तर. नातीनं परत मुंगीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मेली."

आपला,
एक दुकानदार वाचक, शहापूर, बेळगाव